हात बसला हे ठरवायचं कशावरून?

रेसिडेंटच्या (शिकाऊ डॉक्टरच्या) हातातलं कौशल्य मोजण्यासाठी क्युसम आलेख वापरण्याबद्दल भूलशास्त्र विभागांतून तेच तेच प्रश्न येत आहेत. काही निवडक प्रश्न इथे एकत्र घेतो.

सीनियर म्हणतात, ५० स्पायनल (पाठीच्या कण्यात सुईने द्यायची भूल) झाले की हात बसतो. माझे ५० झाले. आता एकटीने देऊ का? (पहिलं वर्ष, एमडी)

नाही. युनिटच्या लेक्चररना विचारल्याशिवाय मुळीच नाही. असे गोल आकडे ऐकीव असतात. १९९८ सालच्या एका स्विस अभ्यासात श्वासनलिकेत ट्यूब टाकण्यात ९० टक्के यश यायला सरासरी ५७ प्रयत्न लागले होते. पण ती सरासरी आहे. कुणाला त्याहून कमी लागले, कुणाला बरेच जास्त. तुम्ही कुठे आहात हे तुमच्याच नोंदी सांगतील.

क्युसम म्हणजे नेमकं काय?

यश-अपयशाची चालू बेरीज (cumulative sum) दाखवणारी, शून्यापासून सुरू होऊन प्रत्येक प्रयत्नानंतर पुढे सरकणारी रेष. ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये ही पद्धत मांडली, ती कारखान्यातल्या मालाच्या दर्जासाठी. १९९४ मध्ये लंडनचे बालहृदयशल्यविशारद डी लेवाल यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियांतलं अपयश तिने तपासलं आणि पुढच्याच वर्षी ती भूलशास्त्राच्या शिकाऊ डॉक्टरांसाठी वापरली गेली.

समजा, १० टक्के अपयश चालेल, २० टक्के चालणार नाही, असं आधी ठरवलं आणि निष्कर्ष चुकण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी (चांगल्याला वाईट किंवा वाईटाला चांगलं ठरवण्याची) १० टक्के धरली. मग प्रत्येक यशाला रेष ०.१४५ ने खाली येते, प्रत्येक अपयशाला ०.८५५ ने वर जाते. एक अपयश भरून काढायला साधारण सहा यशं लागतात. वर २.७१ ओलांडलं तर थांबून पाहायचं. खाली तेवढंच ओलांडलं तर काम ठरवलेल्या दर्जाचं मानायचं.

माझे १० पैकी १० एपिड्युरल (कण्याजवळ बारीक नळी ठेवून द्यायची भूल) जमले. तरी आलेख हवा?

हवा. दर पाचात एकदा चुकणाऱ्यालाही सलग १० जमण्याची शक्यता जवळपास ११ टक्के असते. वरच्याच हिशेबाने एकही अपयश न येता खालची मर्यादा ओलांडायला सलग १९ यशं लागतात.

शेवटी सीनियरने हात लावला तर नोंद 'यश' करायची की 'अपयश'? आमच्याकडे 'केलं' एवढंच लिहितात.

सगळी पद्धत याच प्रश्नावर उभी आहे, आणि नेमकी इथेच ती मोडली जाते. ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं पाहा. रेसिडेंट सुई घालतो, हाड लागतं. सुई थोडी मागे घेऊन दिशा बदलतो, पुन्हा हाड. सीनियर ग्लोव्ह्ज चढवून पुढे होतो, सीएसएफचा (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा) थेंब त्याच्या हातून येतो, औषध तेवढं रेसिडेंट ढकलतो. संध्याकाळी लॉगबुकात 'स्पायनल, केलं'. ही नोंद खोटी आहे. ते अपयश लिहिलं गेलं असतं तर रेष वर सरकली असती, आणि पेशंटची पाठ नीट वाकवली जाते का, सुई मधल्या रेषेत राहते का, हे कुणीतरी शेजारी उभं राहून पाहिलं असतं. त्याऐवजी तो मुलगा तीच चूक घेऊन पुढच्या पेशंटकडे जातो.

म्हणून अपयशाची व्याख्या पहिल्या केसच्या आधी, लेखी ठरवा: किती टोचण्यांपर्यंत चालेल, सीनियरने सुई हातात घेतली तर काय, भूल अपुरी पडून जनरल (पूर्ण बेशुद्ध करणारी भूल) द्यावी लागली तर काय. नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. परीक्षेच्या तोंडावर एका बैठकीत भरलेल्या लॉगबुकातून काढलेला आलेख निरुपयोगी आहे, कारण वेळेवर थांबवणं हेच त्याचं काम होतं. आणि विभागप्रमुखांना माझी कळकळीची विनंती: हा आलेख नोटीस बोर्डावर लावू नका, त्यावर गुण देऊ नका. ज्या विभागात अपयशावर ओरडा बसतो तिथे अपयश कुणी लिहीत नाही. व्याख्या ठरवताना सगळ्या शिक्षकांना एकत्र बसवा.

एक कंपनी वर्षाची फी घेऊन अ‍ॅपवरून 'सक्षमता प्रमाणपत्र' देते. घ्यावं का?

मी घेणार नाही. हे बेरीज-वजाबाकीचं काम साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. किती टक्के अपयश चालेल हे कुणी ठरवलं, एवढं विक्रेत्याला विचारा. तो निर्णय विभागाचा आहे, कंपनीचा नाही. सरावाच्या पुतळ्यावर मिळवलेलं यश पेशंटच्या खात्यात धरू नका. गणितासाठी तुमच्याच कॉलेजातल्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या संख्याशास्त्रज्ञांना भेटा.

माझी रेष वरची मर्यादा ओलांडून गेली. मला नापास करतील का? (दुसरं वर्ष)

मर्यादा ओलांडली म्हणजे नापास झालात असं नाही, मदत हवी एवढंच. आधी केसेस काढून पाहा: स्थूल पेशंट, वाकडा कणा, रात्रीच्या इमर्जन्सी जास्त होत्या का? साधा आलेख केसची अवघडता धरत नाही. ती धरणारी पद्धत आहे, पण तिला जास्त नोंदी आणि जाणकार माणूस लागतो. तोवर एकाच शिक्षकाच्या देखरेखीखाली काम करा. गाईडना आजच भेटा, टर्म संपायची वाट पाहू नका.

आईचं खुब्याचं ऑपरेशन आहे. स्पायनल शिकाऊ डॉक्टर देणार का, हे विचारलं तर चालेल? (नातेवाईक)

अवश्य विचारा. ऑपरेशनपूर्व तपासणीत भूलतज्ज्ञांनाच विचारा, आणि शेजारी अनुभवी कोण असेल हेही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेव्हाच सांगा. त्या स्वतःहून बंद करू नका.