ब्रश टेबलावरच राहू द्या : वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं वाचताना मजा आली, कारण विचारलंय प्रत्येकाने वेगळं पण अडलंय सगळ्यांचं एकाच ठिकाणी, की घर चालू असताना चित्र कधी काढायचं आणि मुलांना शिकवायचं तर किती मधे पडायचं. पाच पत्रं घेतलीयेत. पहिल्यावर जरा जास्तच बोललेय, कारण ते दिवस मी स्वतः काढलेत.

प्रश्न : ताई, लग्नाआधी मी रोज चित्र काढायचे. आता दोन मुलं, नोकरी, घर. रविवारी दोन तास मिळतील म्हणून आठवडाभर थांबते आणि मग ते दोन तास सामान काढण्यात आणि आज काय काढू या विचारातच जातात. शेवटी चिडचिड होते ती मुलांवर निघते. काय करू?
दोन मुलांची आई

उत्तर : सगळ्यात आधी रविवारची वाट बघणं बंद करा. मी पाचेक वर्षं अशीच थांबले, आणि जेव्हा दोन तास मिळायचे तेव्हा त्यांचं इतकं टेन्शन यायचं की आता काहीतरी भारी झालंच पाहिजे, आणि मग काहीच व्हायचं नाही. सलग वेळ मिळणार नाही हे धरूनच चालायचं आणि कामच असं निवडायचं की मधेच टाकून उठता येईल आणि परत आल्यावर तिथूनच पुढे जाता येईल. मोठा कॅनव्हास आणि तैलरंग सध्या बाजूला ठेवा, पॅलेट मांडायची, पुसायची, टर्पेंटाइनचा वास, आणि जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगळून एका जागी पडली तर आपोआप तापून पेटही घेऊ शकतात, लहान मुलांच्या घरात कशाला ती भानगड. त्यापेक्षा वॉटरकलरच्या वड्या घ्या, वाळल्या तरी थेंबभर पाण्यात परत कामाला लागतात. पेन, पेन्सिल, सुईदोरा, कागद फाडून केलेलं कोलाज, हे सगळं दार वाजलं की आहे तसं ठेवून उठण्यासारखं.

रूथ असावा नावाच्या अमेरिकन शिल्पकार होत्या (१९२६ ते २०१३), त्यांना सहा मुलं. हो, सहा! १९४७ मध्ये मेक्सिकोत त्यांनी तारेच्या टोपल्या विणायची पद्धत बघितली आणि पुढे त्याच विणीतून छताला टांगायची, एकात एक दिसणारी शिल्पं केली. हे काम त्या घरात मुलांच्या गराड्यात बसून करायच्या. तारेच्या विणीत एक फास झाला की तो झाला, तिथे थांबलं तरी काही बिघडत नाही. ओल्या रंगाचं तसं नाही.

दुसरी गोष्ट, सामान कपाटात ठेवू नका. एक ट्रे घ्या, त्यात कागद, दोन पेन्सिली, रंगाची डबी, एक ब्रश आणि झाकणाची बाटली, बस, आणि तो ट्रे दिसेल असा बाहेरच ठेवा. घर जरा पसारेदार दिसेल, दिसू दे. कपाटातून सगळं काढायला सात मिनिटं लागणार असतील आणि हातात असतील दहाच, तर माणूस मोबाइलच उचलतो, मी पण तेच केलं असतं.

आणि काय काढू हा प्रश्न रोज नव्याने सोडवायचा नाही, तो एकदा ठरवून टाकायचा. मी एक वर्ष वाळत ठेवलेल्या भांड्यांचं स्टँड काढत होते, चाळीसेक तरी चित्रं झाली असतील. कारण एवढंच की ते समोर असायचं आणि रोज कोणीतरी (म्हणजे मीच) त्याची मांडणी बदललेली असायची. सुरुवातीला वाट्या काढल्या, मग वाट्यांमधल्या फटी काढायला लागले, आणि खरं सांगते, फटी काढायला लागल्यावरच चित्रं जमायला लागली. जॉर्जो मोरांदी हा इटालियन चित्रकार तर बोलोन्यातल्या घरात, झोपायच्याच खोलीत, त्याच त्या बाटल्या आणि डबे वर्षानुवर्षं रंगवत राहिला. त्याची एक ट्रिक तुमच्या फार कामाची आहे : वस्तू ज्या कागदावर मांडायचा त्यावर त्यांच्या बुडाभोवती पेन्सिलने खुणा करायचा. तुम्हीही करा, म्हणजे रात्री टेबल रिकामं करायला लागलं तरी दुसऱ्या दिवशी बाटली बरोब्बर तिथेच परत. बाय द वे, हा माणूस तरुणपणी बरीच वर्षं प्राथमिक शाळांमध्ये ड्रॉइंग शिकवायचा आणि १९३० ते १९५६ बोलोन्याच्याच कला अकादमीत एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून चित्र छापायची कला. म्हणजे नोकरी त्यालाही होती.

मुलं लुडबुड करतील ती करतीलच. त्यांना तुमच्या कागदापासून लांब ठेवायच्या भानगडीत पडू नका, शेजारी त्यांचा स्वतःचा कागद द्या. धाकट्याने तुमच्या चित्रावर एखादी रेघ मारली तर मारली. मला राग यायचा, नाही म्हणणार नाही, पण त्यातल्या दोन रेघा मी तशाच ठेवल्यात.

प्रश्न : माझी साडेचार वर्षांची मुलगी सारखी म्हणते, बाबा तू घोडा काढून दे. काढून दिला की खुश होते पण स्वतः काढतच नाही. नाही काढला तर रडते. मला तर बऱ्यापैकी चित्रं येतात, मग शिकवू की नको?
बाबा

उत्तर : तुम्हाला चित्रं येतात हाच प्रॉब्लेम झालाय! तुमचा घोडा इतका चांगला होतो की तो बघून तिला वाटतं आपला काय कामाचा. तिच्या कागदावर हात लावायचा नाही हा एकच नियम कडक पाळा, दुरुस्तीसाठीसुद्धा नाही. रडली तर थोडं रडू दे, आणि मग बोला तिच्याशी : घोडा झोपतो तेव्हा पाय कुठे जातात गं? तू घोडा हो बरं, मान कशी वाकवशील? शेपटी कुठून निघते? चार पायांवर दोन चकरा मारून आलेली पोरगी जे काढते त्यात पाय असतातच, कधी कधी सहाही असतात, मोजू नका.

मुलांच्या चित्रांवर काम केलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ मध्ये वयाप्रमाणे टप्पे मांडले, ते काही दगडावरची रेघ नाही पण आईबापांना धीर द्यायला बरे पडतात. साधारण दोन ते चार गिरगोट्या, चार ते सात डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं आणि हवेत तरंगणाऱ्या वस्तू, सात ते नऊ कागदाच्या खालच्या काठाला जमिनीची रेघ आणि वर आकाशाची पट्टी. मुलगी घराच्या भिंतीतून आतली माणसं दाखवेल, आईच्या पोटातलं बाळही दाखवेल. ती चूक नाहीये, तिला माहितीये की माणसं आत आहेत म्हणून ती काढते. आणि आयत्या आउटलाइनमध्ये रंग भरायच्या पुस्तकांबद्दल तोच लोवेनफेल्ड चांगलाच नाराज होता. मी एवढी कडक नाही, प्रवासात चालतात, पण रोज नकोत.

तुम्हाला चित्र काढायची हौस आहे ना, मग तिच्या शेजारी बसून तुमच्या वेगळ्या कागदावर तुमचं काढा. घोडा सोडून काहीही, स्वतःची चप्पल काढा. बाबा चप्पल काढतोय, चुकतोय, परत काढतोय हे तिला दिसू दे.

प्रश्न : मी १० वर्षांची आहे. मला चित्र येत नाही. माझ्या मैत्रिणीचं खरं वाटतं आणि माझं बाळबोध. शिकता येतं का?
(नाव लिहू नका)

उत्तर : येतं गं, शंभर टक्के येतं. तुला आता खरं कसं दिसतं ते कळायला लागलंय, डोळे पुढे गेलेत आणि हात मागून येतोय, या वयात बऱ्याच जणांचं असंच होतं आणि नेमकं तेव्हाच लोक चित्र सोडून देतात. तू सोडू नकोस. तीन खेळ सांगते.

एक, तुझा डावा हात (डावखुरी असशील तर उजवा) टेबलावर ठेव, पेन्सिल कागदावर टेकव आणि आता कागदाकडे अजिबात बघायचं नाही. हाताच्या कडेवरून मुंगी चालतेय असं समजून डोळे तिच्यामागे न्यायचे आणि पेन्सिल त्याच स्पीडने, हळू, एकदम हळू. चित्र विचित्र येणार, हसायला येणार, पण नखाजवळची वळी नीट बघ, ती खरी असते. दोन, कोणाचं तरी रेघांचं चित्र उलटं ठेव आणि उलटंच कॉपी कर. उलटं असलं की हा डोळा, हे नाक असं डोकं म्हणत नाही, नुसत्या रेघा दिसतात आणि त्या बरोबर उतरतात. तीन, खुर्ची काढायची तर खुर्ची काढूच नकोस, तिच्या पायांमधल्या रिकाम्या जागांचे आकार काढ, खुर्ची आपोआप उरते.

हे पंधरा दिवस कर, तारीख टाक, आणि खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेव. मैत्रिणीलाही खेळायला घे, तिला पण सोपं जाणार नाहीये बघ.

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी बिल्डिंगमधली सहा ते तेरा वयाची पंधरा मुलं जमवून फुकट चित्रकला घेते. दोघं छान काढतात, बाकीचे त्यांची कॉपी करतात. पालक म्हणतात स्पर्धा ठेवा, बक्षीस द्या. ठेवू?
हौशी शिक्षिका

उत्तर : स्पर्धा नको. ज्या दोघांना येतं त्यांनाच बक्षीस जाणार आणि तेरा जण पुढच्या वेळी दांडी मारणार, मी हे केलंय आणि भोगलंय. त्याऐवजी काम असं द्या की ड्रॉइंग चांगलं असण्याचा फायदाच होऊ नये. जोसेफ आल्बर्स हा चित्रकार-शिक्षक रंग शिकवताना रंगाऐवजी रंगीत कागद वापरायला लावायचा. त्यातला एक खेळ घ्या : एकाच राखाडी कागदाचे दोन छोटे चौकोन कापा, एक काळ्यावर चिकटवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसतो, पांढऱ्यावरचा गडद, मुलं मानायलाच तयार होत नाहीत, कापून जवळ आणून बघतात. मग त्यांना सांगा की आता दुसऱ्या रंगांत हेच करून दाखवा, एक रंग दोन वाटला पाहिजे. सहा वर्षांचं आणि तेरा वर्षांचं पोर यात एका लेव्हलवर येतात.

मागे ज्यांचं सांगितलं त्या रूथ असावांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत असंच पालकांना आणि कलाकारांना घेऊन काम सुरू केलं, आणि सामान काय तर दुधाचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे आणि मैदा-मीठ-पाण्याचा गोळा. प्रमाण लिहून घ्या, चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दीड वाटी पाणी थोडं थोडं घालत, दहा मिनिटं मळायचं. पातळ आकार करायला सांगा, जाड केले की वरून वाळतात आणि आत ओले राहून तडकतात. हा गोळा तोंडात घालायचा नाही हे छोट्यांना आधीच सांगा, भयंकर खारट असतो.

आणि "छान" हा शब्द महिनाभर बंद करून बघा. जे दिसतंय ते बोला, इथे तू जोरात दाबलंयस, हा हिरवा तीनदा आलाय. मूल लगेच स्वतःहून सांगायला लागतं की का. शेवटची पंधरा मिनिटं आवराआवरीची, ब्रश मुलांनीच धुवायचे, तो पण शिकण्याचाच भाग, आणि तुमची पाठही वाचते.

प्रश्न : रिटायर झाल्यापासून रोज एक चित्र काढतो. दीडशेच्या वर झालीत. मुलगा विचारतो, बाबा, याचं पुढे काय करणार? काय उत्तर देऊ? आणि एका ब्रशवर ॲक्रिलिक वाळून कडक झालंय, निघेल का?
रोजचा चित्रकार

उत्तर : ब्रशचं आधी : ॲक्रिलिक एकदा पूर्ण वाळलं की पाण्याने निघत नाही, प्लॅस्टिकसारखं होतं ते. त्या ब्रशला झाडाची सालं आणि खरबरीत भिंती काढायच्या कामाला लावा आणि यापुढे ब्रश हातातून सुटला की पाण्यात, पण केसांवर उभा करून ठेवू नका, वाकतात.

चित्रांचं म्हणाल तर मुलाने विचारलंय ते मला टोमणा वाटत नाही, जागा कुठे आहे असं विचारतोय तो. प्रत्येकाच्या मागे तारीख टाका. दर तीन महिन्यांनी सगळी जमिनीवर पसरा आणि दहा ठेवा, बाकीच्यांचे फोटो काढून कागद मागच्या बाजूने परत वापरा. ठेवलेली उन्हात लावू नका, स्केचपेनचे रंग तर काही महिन्यांतच उडतात. आणि ती दहा निवडायला मुलाला बोलवा, तुम्ही नुसते बघत बसा तो कुठली उचलतो ते.