काजव्यांना नेलेला टेन्ट पावसाळाभर कसा ठेवायचा

भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात, पहाटे वळवाने गाठलं, टेन्ट तसाच पिशवीत कोंबून आणला, आणि आता दिवाळीपर्यंत माळ्यावर टाकला तर चालेल का असं विचारलंय तुम्ही. नाही चालणार, आज रात्रीच बाहेर काढा.

माझा पहिला टेन्ट असाच "वरून तर कोरडा दिसतोय" म्हणून बाथरूमवरच्या माळ्यावर गेला. चार महिन्यांनी हरिश्चंद्रगडावर उघडला तर फ्लाय, म्हणजे टेन्टवरचं पावसाचं कव्हर, स्वतःलाच चिकटलेला, घड्या सोलताना टर्रटर्र आवाज, आणि वास असा की आत कोणी ओकलंय. घरी आणून दोनदा धुतला, काही फरक नाही. बुरशी नव्हतीच ती. कापडाच्या आतून पाणी अडवायला पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) थर असतो, तो दमटपणा आणि उष्म्याने हळूहळू नासतो, आधी चिकट होतो मग पापुद्रे निघतात, आणि एकदा नासला की संपलं. त्यापेक्षा बुरशीचे काळे ठिपके परवडले, टेन्ट वापरता तरी येतो (ब्लीच लावू नका, कोटिंगची वाट लागते).

आता बाहेर वाळायची आशा सोडा, हॉलमध्ये दोरी बांधून फ्लाय आणि इनर (आतला टेन्ट) वेगवेगळे टाका, फॅन फुल, दुसऱ्या दिवशी उलटे करा, घरचे बोलतील ते ऐकून घ्यायचं. कापड तासाभरात कोरडं लागतं त्यावर जाऊ नका, ओल लपते ती कोपऱ्यात, जिथे पट्टी शिवलेली असते तिथे. टिश्यू पेपर चिमटीत धरून ती शिवण दाबा, कागदावर डाग उमटला तर अजून एक दिवस. माझ्याकडे जुलैत एकदा तीन दिवस लागलेत. चिखल असेल तर आधी साध्या पाण्याने स्पंजने पुसा, मशीनमध्ये अजिबात नाही. काशिद-रेवदंड्याला नेला असेल तर चेनमधली वाळू टूथब्रशने काढा.

ठेवताना कंपनीची घट्ट पिशवी नको, प्लास्टिक तर नकोच. जुन्या सुती चादरीत सैल गाठोडं बांधून रोजच्या कपड्यांच्या कपाटात ठेवा, ते दिवसातून चारदा उघडतं म्हणून हवा लागते, फक्त कपाट पावसाच्या भिंतीला टेकलेलं नको. डांबरगोळ्या टाकू नका, पुढच्या ट्रेकला त्या वासात झोपावं लागतं. बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांनी एवढ्या कापडाचं काही होत नाही. पोल मधून दुमडायला सुरुवात करा म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण येतो, जमिनीत ठोकायचे पेग पुसून वेगळे.

गणपतीच्या सुमारास उघडीप मिळाली की तासभर गॅलरीत टाका, दिवसभर उन्हात नको, नायलॉन विरतं. आणि ती रिकामी पिशवी गाठोड्यातच टाकून ठेवा, माझी दोन वर्षं सापडत नाहीये.