मँडोलिन: बोटं सोलली म्हणून सोडू नका, आधी घोडी बघा

पन्नाशीत मुलाने ऑनलाइन मँडोलिन आणून दिलं, तीन आठवड्यांत बोटं सोलली, भजनी मंडळात पेटीवर सहज येणारा अभंग यावर नुसता टिंगटिंग वाजतो, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर निघतच नाही, सोडून देऊ का, असं तुम्ही विचारलंय. मीही हौशीच. पण १४ वर्षं वाजवतोय, तेव्हा जरा लांबण लावतो.

पहिल्यांदा मोजपट्टी घ्या आणि बाराव्या पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या दांड्यांपैकी बारावी) तार किती उंच आहे ते मोजा. दीड-दोन मिलीमीटर असेल तर दोष बोटांचा, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत घट्टे पडतील आणि विषय संपेल. माझ्या पहिल्या वाद्यात हे अंतर चारच्या आसपास होतं. सहा महिने मी स्वतःलाच नालायक समजत होतो. स्वस्त वाद्य खोक्यातून निघतं ते बहुतेक वेळा वाजवण्याजोगं नसतंच. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला दोन बाजूंना छोटी चाकं असतील तर तारा थोड्या सैल करून ती खाली घेता येते. खुंट्यांकडच्या पट्टीच्या खाचा उथळ असतील तर मात्र स्वतः कानस घेऊन बसू नका. गिटारचं काम करणाऱ्या कारागिराकडे जा. खाच एकदा जास्त खोल गेली की पट्टीच बदलावी लागते.

आणि एक. ही घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. आठही तारा एकदम काढल्या की ती हातात येते आणि मग सूर कुठेच जुळत नाहीत. मी हे केलंय. तारा एकेक करून बदला. घोडी सरकलीच असेल तर बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून निघणारा सूर आणि तार दाबून निघणारा सूर ताडून पाहा. दाबलेला चढा लागला तर घोडी शेपटीकडे (तारा अडकवलेल्या टोकाकडे) सरकवायची, उतरा लागला तर पडद्यांकडे.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. आठ तारा जोडीजोडीने असतात; जाडीकडून बारीककडे मोकळ्या जोड्या पेटीच्या भाषेत अशा: पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. व्हायोलिनचीच जुळणी. म्हणजे कुठल्याही तारेला सा धरला की पुढची तार आपोआप पंचम. भूप वाजवून बघा. जाड जोडीवर सा मोकळा, रे दुसऱ्या पडद्यावर, ग चौथ्यावर. पुढच्या जोडीवर प मोकळा, ध दुसऱ्यावर, वरचा सा पाचव्यावर. आता बोटं तशीच ठेवून अख्खा प्रकार एक जोडी पुढे न्या. पांढरी दोनचा भूप तयार! पेटीवर पट्टी बदलली की बोटं नव्याने बसवावी लागतात, इथे तो त्रास नाही. मंडळ काळी चारमध्ये गात असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, काळी पाच असेल तर तिसऱ्यावर. बोटं तीच.

मींडेचं म्हणाल तर तो नाद सोडा. तार जेमतेम पस्तीस सेंटीमीटरची, ताठ, त्यात जोडीने. ओढून ओढून किती ओढणार? यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतातले गमक, म्हणजे सुरांचे हेलकावे, मँडोलिनवर काढले, पण त्यांचं वाद्य इलेक्ट्रिक होतं आणि तारा एकेरी होत्या. शिवाय ते श्रीनिवास होते. आपल्या साध्या वाद्यावर लांब सूर हवा असेल तर मनगट सैल सोडून खाली-वर, खाली-वर छेडत राहायचं. मिनिटाला साठ ठोक्यांच्या लयीला एका ठोक्यात चार आघात, एवढ्यापासून सुरू करा. कोपर हलायला लागलं की थांबा. संगीतकार सज्जाद हुसेन किंवा लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत, दोघेही मुळात मँडोलिनवाले. त्या काळातल्या हिंदी गाण्यांत सूर असा थरथरता धरलेला ऐकू येतो, तो कान देऊन ऐका.

मी शिकलो ते नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये, कॉर्कला असताना. तिथे पबमध्ये मंडळी गोल करून बसतात आणि लोकचाली वाजवतात. समोर वही नाही, कुणी म्होरक्या नाही. चालीचे साधारणपणे दोन भाग, प्रत्येक दोनदा, अशी सगळी चाल तीनेक वेळा आणि मग न थांबता पुढची. पहिल्याच दिवशी मी हौसेने गिटारसारखे कॉर्ड झोडपायला लागलो. शेजारच्या फिडलवाल्या (म्हणजे व्हायोलिनवाल्या) आजीबाईंनी माझ्या तारांवर अलगद हात ठेवला. रागावल्या नाहीत, हसल्या, आणि वाजवत राहिल्या. पुढचे दोन महिने मी वाद्य केसमधून काढलं नाही. फोनवर रेकॉर्ड करायचं, घरी आधी चाल गुणगुणायची, तोंडात बसली की मगच तारांवर शोधायची.

तिथला एक हिशेब मात्र तुम्हाला लगेच कामाला येईल. त्यांच्या जिग नावाच्या नाचाच्या चालीत तीन-तीनचे दोन गट असतात आणि पिक (तारा छेडायची चकती) चालतं खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. म्हणजे गट बदलताना लागोपाठ दोन आघात खालीच. सुरुवातीला हात अडखळतो, पण प्रत्येक गटाचा पहिला सूर आपोआप ठसठशीत येतो. दादऱ्यातली गाणी मी याच हाताने वाजवतो, फक्त चौथी मात्रा तालातल्या खालीची, म्हणजे बिनटाळीची, म्हणून तिथे हात हलका सोडतो.

आवाजाबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, पखवाज आणि टाळांपुढे तुमचं मँडोलिन ऐकू येणार नाही. आयर्लंडमध्येही बँजोशेजारी बसलं की माझं हेच व्हायचं. त्यामुळे मंडळात पेटीच वाजवा. मँडोलिनसाठी दोन-तीनच माणसं गोळा करा. आमच्याकडे नाशिकला शनिवारी गच्चीवर एक ढोलकी, एक गिटार आणि मी, एवढेच असतो. ढोलकीवाला नुसत्या बोटांनीच वाजवतो, नाहीतर शेजारी वर येतात.

रोज वीस मिनिटं पुरे, बोट ठणकायला लागलं की खाली ठेवा. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने पुसा, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर त्या गंजून खरखरीत होतात आणि बोटं आणखी सोलतात. बाराव्या पडद्यावरचं माप घेतलंत की इथे टाका, आणि घोडीचा बाजूने काढलेला एक फोटोही.