पीएचडी विभागात नव्याने रुजू झालेल्या मुलीला

तू विचारलंयस, पीएचडी विभागात लिपिक म्हणून लागून दोन महिने झाले, विद्यार्थी येऊन चिडतात, कुणी रडतं, नियम तर आपल्या हातात नाहीत, मग आपण करायचं काय? लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगंतुगं करते. मुंबईतल्या एका विद्यापीठात मी याच कामात ३१ वर्षं काढली.

नियम आपण करत नाही, पण तो वेळेत विद्यार्थ्याच्या कानावर घालणं आपल्याच हातात असतं. हे मला फार उशिरा उमगलं.

बदलापूरची एक मुलगी होती. "माझी मुदत कधी संपते?" एवढंच विचारायला आली. मी नोंदवही उघडली, तारीख सांगितली, पुढच्याला बोलावलं. दोन महिन्यांनी तीच मुलगी नोंदणी रद्द करायचा अर्ज घेऊन उभी. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं 'घरगुती'. बाहेर बाकावर तिच्या सासूबाई तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्या पोटात धस्स झालं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमांत महिला संशोधकांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा होती, शिवाय पीएचडीच्या मुदतीत वाढीव दोन वर्षं. ते परिपत्रक माझ्याच खणात पडलं होतं. तिने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नव्हतं. तो अर्ज तिला परत दिला, समोर बसवून रजेचा अर्ज लिहून घेतला आणि साहेबांची सही होईपर्यंत फाइल हातातून सोडली नाही. तिची तोंडी परीक्षा झाली तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

२०२२ च्या नियमांतही ही सवलत आहे. म्हणून सांगते, कुणी काहीही विचारायला येऊ दे, तू स्वतःहून दोन गोष्टी विचार: नोंदणी कधीची, आणि गाइड कधी निवृत्त होतायत? सेवेची तीन वर्षंही उरली नसतील तर त्या शिक्षकांना आता नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधी घेतलेला असेल, तर त्याला पुढे कोण सांभाळणार हे आधीच कागदावर यायला हवं. ऐनवेळी धावपळ होते ती विद्यार्थ्याची.

फेलोशिपचं काम मात्र एक दिवसही मागे ठेवू नकोस. जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपचे, महिन्याचे ३७,००० रुपये विद्यापीठाने पोर्टलवर हजेरीची खातरजमा केल्याशिवाय निघत नाहीत. माहिती भरणारा एक, मंजूर करणारा दुसरा. दोघांतला एक रजेवर गेला की अडलंच. नंदुरबार-हिंगोलीहून आलेली मुलं इथे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन राहतात, त्यांचं भाडं त्याच पैशातून जातं. रजेवर जाण्याआधी बदली माणसाचं नाव लिहून जा.

आणि "उद्या या" म्हणू नकोस. कसाऱ्याहून येणाऱ्याचा त्यात अख्खा दिवस जातो, नोकरी करत असेल तर एक रजाही. अर्ज घेतलास की आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून पोच दे, आणि त्याच कागदावर लिही: आता फाइल कुठल्या टेबलावर जाईल, कधी चौकशी करायची. काम झालेलं नसलं तरी आपला कागद कुठे आहे हे कळलं की माणूस शांत होतो. माझ्या खिडकीवरचे निम्मे वाद यानेच मिटले.

शोधप्रबंध जमा झाल्यावर मूल्यमापन सहा महिन्यांत पूर्ण व्हावं असा नियम आहे. परीक्षकांना महिन्याभराने स्मरणपत्र धाड, त्याची प्रत फाइलला लाव. वरचे साहेब कधी रागावतील, ते मनावर घेऊ नकोस.

सोमवारी गेलीस की नोंदवही काढून येत्या वर्षात मुदत संपणाऱ्यांची यादी कर आणि एकेकाला फोन लाव. मुलींना आधी. यादी करताना कुठे अडलीस तर इथेच लिही, मी संध्याकाळी सातनंतर असते.