पहिलं आख्यान मायामृगाचं? जरूर घ्या

ताई, ग्वाल्हेरात पहिलं कीर्तन आणि तेही मायामृगाचं, हे वाचून मनापासून आनंद झाला. तानसेन समारोहाच्या आरंभी जिथे हरिकथा होते, त्या गावाला कथा ऐकायची सवय आहे. घाबरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, राम फसला म्हणून गेला असं सांगू नका. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मण आधीच बजावतो, हे हरीण म्हणजे मारीच राक्षस आहे. धोका कळूनही राम निघतो, कारण सीतेने मागितलंय. शिवाय सोन्याच्या अंगावरचे ते रुपेरी ठिपके पाहून तो स्वतःही भुललाय. प्रेम आणि मोह एकाच पावलात! इथे थांबा, पद घ्या, झांज हलकी ठेवा. नवखे नेमके इथूनच धावत रावणापाशी पोचतात.

बाकीच्या नेहमीच्या चुका:

- सीतेला हट्टी बायको करून हशा मिळवणं. अजिबात नको.
- लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या नावावर सांगणं. ती तिथे नाही. घ्यायचीच तर लोकपरंपरेतली म्हणून घ्या.
- 'हा सीते, हा लक्ष्मणा' किंचाळणं. मारीच रामाच्या आवाजात हाक मारतो, म्हणून आधी रामाच्या बोलण्याला जो सूर लावाल तोच इथे हवा. नाहीतर सीतेची घालमेल कुणाला पटेल?

पूर्वरंगाला, म्हणजे आख्यानाआधीच्या निरूपणाला, एकच अभंग पुरे. साकी, दिंडी, आर्या या कीर्तनातल्या वृत्तांचं पुढे बघू. पेटी-तबल्याबरोबर आधी एकदा बसा आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, तुमच्या गळ्याला सोसेल तीच ठरवा.