पुस्तकातल्या जागा बघायला एकटीने परदेशात जाणं वर्थ आहे का?

हो, नक्की जा. मी इंदूरहून एकटी गेले होते, मुंबईमार्गे लंडन आणि पुढे स्कॉटलंड. रामबागेत आजीच्या घरी उन्हाळ्यात गुप्तहेर शेरलॉक होम्सच्या गोष्टी मराठीत वाचल्या होत्या, तेव्हापासून त्याचा लंडनमधला बेकर स्ट्रीट डोक्यात होता. तिथलं म्युझियम १९९० पासून आहे, खरा पत्ता २३७ आणि २४१ च्या मधला पण दारावर २२१बी, म्हणजे गोष्टींतला होम्सच्या घराचा पत्ता; गोष्टी लिहिल्या तेव्हा तर त्या रस्त्यावर २२१ नंबरच नव्हता. आत गेल्यावर जिना मोजत चढले, गोष्टीत सतरा पायऱ्या आहेत ना, तिथेही बरोबर सतरा! सतराव्या पायरीवर डोळे भरून आले, आजीची इतकी आठवण आली.

हॅरी पॉटरसाठी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला भिंतीत घुसलेली ट्रॉली आहे, फोटोला लाइन असते, फार वेळ देऊ नका. त्यापेक्षा स्कॉटलंडमधलं ग्लेनफिनन गाठा, सिनेमातला तो २१ कमानींचा पूल, १९०१ पासून त्यावरून रेल्वे जाते. वाफेच्या गाडीचं तिकीट महाग आहे आणि ती थंडीत नसते, पण फोर्ट विल्यम ते मालेग साधी ट्रेनही त्याच पुलावरून जाते आणि खूप स्वस्त पडते, मी तीच घेतली. आधी टेकडीवर चढून खालून जाणारी गाडी बघा मग स्वतः बसा. रेनकोट पाहिजेच, छत्री वाऱ्यात टिकत नाही. आणि बरोबर ते पुस्तक न्या, तिथे बसून चार पानं वाचा.