जंगलात आठवडाभराचा ट्रेक करायचाय, सॅक ५० लिटरची घेऊ की ६५ ची? आणि रोज २० किमीचा प्लॅन जमेल का?

सॅकचं आधी उरकते. ५५-६० पुरते, पण ती सगळ्यात शेवटी घ्या. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, स्टोव्ह, आठवड्याचं खाणं सगळं एका जागी मांडा, वजन करा आणि मग ते सामान घेऊनच सॅक बघायला जा. मोठी घेतली की ती भरतेच, रिकामी कोणी ठेवत नाही. आणि लिटरपेक्षा पाठीची लांबी बघा, हिप बेल्ट कमरेच्या हाडावर बसला नाही तर सगळं ओझं खांद्यावर येतं आणि दुसऱ्या दिवशी मान धरलीच म्हणून समजा.

पण खरं सांगू का, मी लिहायला बसले ती तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. रोज २० किमी! हेच वाक्य मी माझ्या चुलत भावाच्या तोंडून ऐकलंय आणि त्यावरून आमचं अजून मिटलेलं नाही.

दादाने आमच्या ग्रुपच्या ट्रेकसाठी एक्सेल शीट केली होती, रंगीबेरंगी, प्रत्येक दिवसासमोर किमी आणि शेवटच्या कॉलममध्ये फोटो कुठे काढायचे तेसुद्धा. चढ किती, हा कॉलमच नव्हता. मी विचारलं तर म्हणे "अगं नकाशावर अंतर दिसतंय ना, चालायचंय फक्त." आता १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने सांगून ठेवलेला साधा हिशोब आहे, लोक आजही तोच वापरतात. सपाटीला तासाला ५ किमी धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. ज्या दिवसावरून आमचं भांडण झालं, तो शीटमध्ये होता १५ किमीचा, दादाच्या मते 'हलका दिवस'. पण त्यात १२०० मीटर चढ! ३ तास अधिक २ तास झाले ५, आणि तेही धडधाकट माणूस, हलकं ओझं, कुठे न थांबता. पाठीवर आठवड्याचं सामान असलं की त्यात निम्मे अजून घाला, मग पाणी भरणं, खाणं, कुणाच्या तरी टाचेला फोड आला म्हणून बूट काढून बसणं, असं करत ९ तास कुठे जातात कळतसुद्धा नाही.

आणि दिवसाच्या शेवटी ओढा होता, वरचं बर्फ वितळून येणारा. ज्यांनी असले ओढे पार केलेत त्यांना माहितीये, पहाटे पाणी सगळ्यात कमी असतं, ऊन चढलं की वर बर्फ वितळायला लागतं आणि दुपारनंतर ते सगळं पाणी खाली येऊन पोचतं. शीटप्रमाणे आम्ही तिथे दुपारी एकला असणार होतो, पोचलो साडेचारला. पाणी राखाडी, तळ दिसेना, आणि नीट कान दिला तर पाण्याखालून दगड गडगडत एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. तो आवाज आला ना की बाकी काही बघायची गरज नसते. तरी मी काठावरूनच ट्रेकिंग पोल आत घातला तर पाणी मांडीपर्यंत, आणि पोल हातात असा थरथरत होता की दोन्ही हातांनी धरावा लागला.

दादा म्हणे "पलीकडे सपाट जागा दिसतेय, पाच मिनिटांचं काम आहे." मी सॅक खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. म्हटलं, तुम्ही जा, मी सकाळी येते. मग काय, अर्धा तास भांडण. बायकांना घेऊन आलं की असंच, हेही ऐकून झालं. पण एकटीला सोडून जाणार कसे, थांबले सगळे. तंबू लावायला मिळाली ती उतरती जागा, रात्रभर सगळे घसरून पायाच्या बाजूला गोळा होत होते, ही कुरकुरही माझ्याच नावावर.

पहाटे पाणी गुडघ्याच्या खाली. तळातला एकेक दगड मोजून घ्या. बूट पायातच ठेवून, हिप बेल्ट आणि छातीचा पट्टा सोडून (पडलात तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे, नाहीतर तीच तुम्हाला खाली धरून ठेवते), तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून एकेक पाऊल टाकत आम्ही पलीकडे गेलो. दादा चकार शब्द बोलला नाही. पण आजही घरात चार माणसं जमली की गोष्ट सुरू होते, हिने शेपूट घातली म्हणून आमचा शेवटचा टप्पा बुडाला. टप्पा बुडाला तो शीटमध्ये एकही मोकळा दिवस नव्हता म्हणून! माझ्यामुळे नाही.

मागे फिरणं किंवा थांबणं म्हणजे हरणं हे कुणी डोक्यात भरवलंय कळत नाही. एमा गेटवुड नावाच्या अमेरिकन बाई १९५४ मध्ये अ‍ॅपलाचियन ट्रेल चालायला निघाल्या, सुरुवातीलाच वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि घरी परत गेल्या. १९५५ मध्ये पुन्हा निघाल्या आणि वयाच्या ६७ व्या वर्षी ३ हजार किमीपेक्षा जास्त लांबीची ती अख्खी वाट एकट्या चालून आल्या, पायात कापडी बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. आमच्या दादाकडे त्यापेक्षा भारी गियर आहे.

तर तुमचं २० किमी. सपाटीला, सवय असेल तर जमेल. चढउतारात नाही. किमी सोडा, तासात प्लॅन करा. पहिले दोन दिवस मुद्दाम छोटे ठेवा, कारण खाणं संपलेलं नसतं आणि सॅक सगळ्यात जड तेव्हाच असते. आठवड्यात निदान एक दिवस मोकळा ठेवा आणि त्या दिवसाचं खाणंही सोबत घ्या. मोठा ओढा असेल तर त्याच्या अलीकडे मुक्काम धरून सकाळी पार करा. आणि निघायच्या आधी ग्रुपवर स्पष्ट लिहून टाका की एकजण जरी 'नाही' म्हणाला तरी सगळे थांबणार आणि नंतर त्यावरून कोणी कोणाला टोमणे मारणार नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे कामाला येतो.

एक राहिलंच. बर्फाचा ओढा सकाळी उतरतो, पण रात्री वर पाऊस झाला असेल तर तो नियम लागू नाही, तेव्हा थांबायचं किंवा दुसरी वाट बघायची. आणि ३००० मीटरच्या वर जाणार असाल तर नेस्मिथचा हिशोबही बाजूला ठेवा, तिथे झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करा, पाय कितीही तयार असले तरी.